उताऱ्याला दिलेला वळसा

आमच्या वस्तीवरचा धुळा गडदे ट्रक चालवतो, हे नवख्या माणसाला सांगितलं तर पटतं. दाराला डोकं लागेल एवढी उंची, कपाळाला भंडारा, मिशा अशा की लहान पोरं बाजूला सरकतात. पण आम्ही त्याच्याबरोबर वाढलो, आम्हाला ठाऊक आहे. हा गडी उंदीर दिसला तरी पाय वर घेऊन बसतो. त्याचा बाप मेंढरं घेऊन माळामाळानं फिरला, लांडग्याच्या वाटेवर घोंगडं टाकून निजला, आणि पोटी हे रत्न निघालं. आजवर धुळाच्या चाकाखाली साधं कुत्रं आलेलं नाही. त्याचं श्रेय तो बिरोबाला देतो. मी ते त्याच्या भित्रेपणाला देतो.

पण धनाजीचं प्रकरण झालं आणि त्या भित्रेपणाची थट्टा करायचं मी सोडून दिलं. धनाजी शेजारच्या वस्तीवरचा, तोही ट्रकवरच. गेल्या उन्हाळ्यात एका गावाजवळ एक मोटरसायकलवाला त्याच्या गाडीला येऊन धडकला. धनाजी सरळ माणूस. त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजायला लागला. तेवढ्यात गाव गोळा झालं. चूक कुणाची हे कुणी विचारलं नाही, हाताला लागेल त्यानं त्याला बडवला. मोटरसायकलवाला बरा होऊन कामाला लागला, धनाजीचा गुडघा मात्र कायमचा गेला. आता तो वडूजच्या स्टँडवर पानपट्टीच्या बाकड्यावर बसून असतो आणि भेटेल त्या ड्रायव्हरला एकच सांगतो, "थांबू नगंस गड्या. थांबलास की मेलास."

धुळानं ते ऐकलं आणि ते त्याच्या पोटात जाऊन बसलं. रात्री झोपेत तो ब्रेक मारायला लागला. पाय असा झाडायचा की वाकळ पार दाराशी जाऊन पडायची. त्याची बायको माया उठून त्याच्या छातीवर हात ठेवायची, की मग कुठं त्याचा श्वास जाग्यावर यायचा. सकाळी विचारलं तर म्हणायचा, काही नाही, ॲसिडिटी झालीय. मायानं कधी वाद घातला नाही. ती मुळात कमी बोलणारी, आणि नवऱ्याची ॲसिडिटी कसली ते तिला चांगलं कळत होतं.

तर ती अवस होती. ड्रायव्हर लोकांत अवसेला फार जपतात. कुणी गाडीच काढत नाही, आणि काढायची झालीच तर गाडी धुवून, नारळ फोडून, बंपरला नवं लिंबू-मिरची बांधून काढतात. धुळा तांबडं फुटायच्या आत उठला. आज लोणंदची खेप आहे, मक्याची पोती कालच भरून ठेवलीत, दुपारच्या आत परत येतो, असं त्यानं मायाला सांगितलं. तिनं भाकरी बांधून दिली. ती जरा घाईत होती, पण धुळाच्या ते ध्यानात आलं नाही. मोटरसायकलला किक मारून तो वडूजला, मालकाच्या अड्ड्यावर गेला.

तिथं गाडीची पूजा होते न होते तोच मालक लालासाहेबांचा फोन आला. लोणंदच्या व्यापाऱ्यानं ऐनवेळी हात वर केले होते. आता थोडी पोती विट्याच्या एका पोल्ट्रीला टाकायची आणि बाकीचा मका सांगलीला, कोंबडीखाद्याच्या कारखान्यात उतरवायचा. धुळा बरं म्हणाला. लोणंद एका अंगाला, सांगली दुसऱ्या अंगाला. आता गाडी आपल्याच वस्तीवरून मायणीकडं जाणार होती. घरी कळवावं असं त्याला वाटलं, पण म्हातारी आई जागी होईल म्हणून त्यानं फोन केला नाही.

वस्तीच्या अलीकडं तिकाटणं आहे, तीन रस्ते एकत्र येतात ती जागा. तिथं आला तेव्हा अजून झुंजुमुंजूच होतं. दिव्यांच्या उजेडात त्याला रस्त्याच्या मधोमध पत्रावळ दिसली. पत्रावळीवर दहीभात, कुंकू लावलेलं लिंबू, आणि कणकेचा दिवा, अजून जळत असलेला. उतारा होता. घरात कुणाला काही बाधलं, भय लागलं, की त्याच्यावरून असा भात ओवाळून तिकाटण्यावर ठेवायची आमच्याकडं रीत आहे. ठेवणारानं घरी जाईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही. आणि वाटेनं जाणारानं उतारा ओलांडायचा नाही, तुडवायचा नाही, वळसा घालून निघायचं, आणि त्यानंही मागं बघायचं नाही. बघितलं की ते आपल्या मागं लागतं.

त्यात अवस. धुळानं गाडी डावीकडं घेतली, चाकं साइडपट्टीच्या मुरमावर उतरली, पत्रावळ उजव्या हाताला राहिली. आणि तेवढ्यात डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, धप्प असा आवाज झाला.

पोतं पडल्यासारखा. पण पोतं पडलं की ड्रायव्हरला कळतं, गाडी हलकी होते. हे तसं नव्हतं.

त्याचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथंच अडला. डावी बाजू बघायला किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, नव्हता, हल्ली मालकांना किन्नर परवडत नाही. आरसा होता. पण त्यानं आरशात बघितलं नाही. आरशात बघणं म्हणजे काय मागं वळून बघणं नव्हे, असं मी त्याला नंतर म्हटलं. तो म्हणाला, "मागचंच दिसतंय न्हवं त्यात." मला हसावं की रडावं कळेना. खरं तर एक पाय उताऱ्यानं धरला होता आणि दुसरा धनाजीनं. थांबलास की मेलास. ब्रेकवरचा पाय उठला आणि ॲक्सिलेटरवर पडला.

मायणीच्या अलीकडं उजाडल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली. चाकं बघितली, चाकांना काही नव्हतं. हौद्याच्या डाव्या बाजूला ताडपत्रीचा दोर बांधायच्या लोखंडी कड्या आहेत, त्यातली शेवटची एक कडी वाकली होती आणि दोर सुटून लोंबत होता. कडीत कापडाची चिंधी अडकली होती, बोटभर. पदराची असावी, गोधडीची असावी, बुजगावण्याची असावी. त्यानं स्वतःला बुजगावण्याची म्हणून सांगितलं. मग चिंधी काढून ओढ्यात फेकली आणि फेकल्यावर त्याच्या लक्षात आलं की बुजगावण्याची असती तर आपण ती फेकली नसती. उन्हं चांगली वर येईपर्यंत तो तिथंच ओढ्याच्या काठी बसून राहिला. भाकरीचं गठुळं त्यानं दिवसभर सोडलं नाही.

विट्याच्या अलीकडं पोलिसांनी गाडीला हात केला. धुळानं खिडकीतून कागद दिले. पोलीस वयस्क होता, उन्हानं वैतागलेला. त्यानं कागद चाळले, धुळाच्या तोंडाकडं बघितलं, ताप आहे का विचारलं. धुळाच्या ओठावर सगळं आलं होतं. आणखी एक प्रश्न विचारला असता तर त्यानं घडाघडा सांगून टाकलं असतं. पण तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि एवढंच बोलला, "डाव्या अंगाचा दोर सुटलाय, बांधून घे. कुणाला तरी लागंल." धुळानं खाली उतरून दोर बांधला. तीन वेळा गाठ मारली आणि तिन्ही वेळा ती सुटली.

पोल्ट्रीच्या ऑफिसात पल्लवी नावाची मुलगी पावत्या करते. तिचं माहेर मायणीचं, त्यामुळं धुळाला ती काका म्हणते. हमाल पोती उतरवत होते तोवर ती मोबाईल बघत होती. बघता बघता ती म्हणाली, काका, तुमच्याकडंच झालंय हे. आणि वाचून दाखवलं, "वडूज-मायणी रस्त्यावर पहाटे अज्ञात वाहनाच्या धडकेत महिला गंभीर जखमी. वाहनचालक फरार." तुम्हाला येताना काही दिसलं का, असं ती सहज विचारत होती.

"मी त्या रस्त्यानं न्हाई आलो," धुळा म्हणाला. "साताऱ्यावरनं आलो."

पल्लवीला काय त्याचं, ती पावती फाडायला लागली. धुळा केबिनमध्ये येऊन बसला आणि त्यानं भर उन्हात दोन्ही काचा वर केल्या. महिला. म्हणजे बुजगावणं नव्हतं. गंभीर म्हणजे काय? मेली की काय, मरणार आहे की काय? नव्या कायद्यात पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला किती वर्षं आत टाकतात याची चर्चा त्यानं चहाच्या टपऱ्यांवर ऐकली होती, आणि दर टपरीवर वर्षं वाढत जायची. मग त्याला एक शब्द आठवला आणि तो त्यानं बुडत्यानं काडी धरावी तसा धरला. अज्ञात. म्हणजे गाडी कुणी बघितली नाही. नंबर कुणाला माहीत नाही. त्यानं मोबाईल बंद करून सीटखाली टाकला, कारण आता वाजेल तो फोन पोलिसांचाच असणार असं त्याला वाटत होतं.

मी त्याला विचारलं, अरे, आपल्या वस्तीजवळची बाई, ओळखीचीच असणार, तुझ्या मनात काय आलं? तो म्हणाला, आलं. पहाटे दूध घालायला कोण जातं, रानात खुरपायला कोण जातं, एकेकीचा चेहरा त्यानं डोळ्यापुढं आणला. दूधवाली असेल, सरपंचाची सून असेल. प्रत्येकीचा भाऊ, नवरा, पोरगा काठी घेऊन त्याला दिसायला लागला. आपल्या घरात चूल पेटलेली बघून तो निघाला होता, त्यामुळं आपल्या घराकडं त्याचं मन गेलंच नाही. भ्यालेला माणूस फार आपमतलबी होतो. त्या बाईला किती लागलं असेल, ती खड्ड्यात एकटी पडून असेल का, हे त्याच्या मनात आलं ते पार तासगाव सोडल्यावर, आणि आलं तेव्हा त्याला रस्ता धुरकट दिसायला लागला.

सांगलीच्या कारखान्यावर गाड्यांची रांग होती. एरवी धुळा रांगेत पान खातो, चार शिव्या देतो, कुणाच्या तरी केबिनमध्ये जाऊन झोपतो. त्या दिवशी तो स्टेअरिंग धरून बसून राहिला. गाडी इथंच लावावी, किल्ली वजनकाट्यावर द्यावी आणि मिरजेहून मिळेल त्या रेल्वेत बसावं, असं त्याच्या फार मनात आलं. मायाला नंतर कळवू. पण मायाला काय कळवणार? ती दारात उभी राहून विचारेल, काय झालं ते सांगा. आणि ती समोर असली की त्याला खोटं बोलता येत नाही, ॲसिडिटीचं सोडून. पोती उतरली, वजन झालं, हमालांनी चहाला बोलावलं. तो गेला नाही. शेवटी गाडी गेटाबाहेर काढली आणि ती आपोआप घरच्या रस्त्याला लागली. तो म्हणतो गाडीच वळली. वळली असेल.

परतीची रिकामी गाडी खडखडाट करते. एरवी धुळाला तो आवाज आवडतो, दिवस संपल्याचा आवाज. त्या दिवशी हौद्याच्या प्रत्येक दणक्याला त्याचा जीव खाली-वर होत होता. मायणीच्या पुढं आल्यावर त्याला वाटलं, तिकाटण्यावर माणसं जमलेली असतील, आपली वाटच बघत असतील. धनाजीच्या गुडघ्याचा आकार त्याच्या डोळ्यापुढून हलेना.

तिकाटण्यावर कुणी नव्हतं. उन्हं कलली होती. पत्रावळ अजून तिथंच होती, भात कावळ्यांनी फस्त केला होता, लिंबू कुणाच्या तरी चाकाखाली जाऊन चपटं झालं होतं. धुळानं गाडी थांबवली. पहाटे जिथं थांबायला हवं होतं तिथं तो आता थांबला आणि उतरला. मुरमावर त्याच्याच चाकांचा माग होता. त्याच्या कडेला गवत आडवं झालं होतं, आणि उताराला, चारीच्या पाण्यात, बाईची एक चप्पल पडली होती.

त्यानं ती उचलली. चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेला होता. ताडपत्री शिवायचा दोरा. आमच्या अख्ख्या वस्तीत तो दोरा एका माणसाकडं असतो, आणि असा आडवातिडवा टाकाही तोच माणूस घालतो.

त्यानं हाक मारली म्हणतात. शेतात पाणी पाजणाऱ्या माणसानं ऐकली, त्याला वाटलं जनावर ओरडलं. वस्तीच्या वाटेला ट्रक कधी नेत नाहीत, वाट बैलगाडीपुरती आहे. धुळानं त्या वाटेनं ट्रक घातला. बाभळीच्या फांद्या मोडत, बांध फोडत गाडी थेट अंगणात आली. मी माझ्या दारातून बघत होतो. मला वाटलं, ब्रेक फेल झाले.

दारात त्याची आई, हरणाबाई, उभी होती. "फोन कशापायी बंद ठेवलाईस रं?" एवढंच ती म्हणाली. धुळा तिला बाजूला करून आत शिरला.

माया खाटेवर पडली होती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, कपाळाला पट्टी, ओठ सुजलेला. पण डोळे उघडे होते. धुळाच्या हातात चप्पल बघून ती म्हणाली, "घावली व्हय? मला वाटलं गेली वाहून." मग तो जेवला का असं तिनं विचारलं. तो खाली बसला. जमीनच जवळ होती म्हणून बसला.

तिनं सावकाश सांगितलं. मी दारात उभा होतो, मला जा असं कुणी म्हटलं नाही. धुळाच्या झोपेचं तिला बघवेना. मग सासूला विचारून, तो निजलेला असताना तिनं त्याच्यावरून दहीभात ओवाळला होता. तो लोणंदला जाणार, म्हणजे दुसऱ्या रस्त्यानं जाणार, उतारा त्याला आडवा येणार नाही, असा हिशोब करून तो गेल्यावर कणकेचा दिवा करून, चूल आवरून तिनं तो तिकाटण्यावर नेऊन ठेवला. दिवा लावला आणि पाठ फिरवली. पाठीमागून गाडी आल्याचं तिला ऐकू आलं होतं. पण मागं बघायचं नाही. बघितलं असतं तर नवऱ्याचं भय गेलं नसतं. ती तशीच कडेनं चालत राहिली, गाडी जाईल निघून म्हणून. मग कडी लागली, ती चारीत पडली, आणि पडल्यावर तिनं बघितलं. मागं नव्हे, पुढं. पुढं बघायला मनाई नव्हती. दूर जाणाऱ्या ट्रकच्या मागच्या फळीवर मेंढराचं चित्र होतं आणि बिरोबाच्या नावानं चांगभलं लिहिलेलं होतं. ते चित्र काढायला रंगाऱ्याला तिनंच सांगितलं होतं.

दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्यानं तिला दवाखान्यात नेलं. हवालदार आला, कुठली गाडी होती विचारायला लागला. अंधार होता, काही दिसलं नाही, असं तिनं सांगितलं. तो फिरवून फिरवून विचारत राहिला, तिनं फिरवून फिरवून तेच सांगितलं. ज्या अज्ञात शब्दाला धरून धुळा दिवसभर तरला होता, तो शब्द मोडक्या हाताच्या बाईनं हवालदाराला लिहायला लावला होता.

"तुमाला कळलंच नसंल," माया म्हणाली. "एवडी भरल्याली गाडी. कडी लागली तर काय कळतंय आत बसल्याल्या मानसाला."

हरणाबाईनं मान हलवली, म्हणाली, व्हय, कसं कळंल. मीही मान हलवली. घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याला दार उघडून दिलं होतं. धुळानं नुसतं व्हय म्हणायचं होतं. हा माणूस जन्मभर प्रत्येक गोष्टीला भ्याला, त्यानं हे दार धरलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

"कळलं हुतं," धुळा म्हणाला.

हरणाबाई सुनेचा पाय चोळत होती, तिचा हात थांबला. माया त्याच्याकडं बघत राहिली.

"मी हाय ते?"

"न्हाई. कोन तरी मानूस हाय, एवडं कळलं हुतं."

"मंग?"

"भ्या वाटलं."

मग धुळानं ती चप्पल तिच्या जोडीदारणीशेजारी खाटेखाली ठेवली आणि सकाळी चौकीत जाऊन सगळं सांगतो म्हणाला. माया म्हणाली, जावा. मला पण न्या, मी खोटं सांगितलंय. हरणाबाई चूल पेटवायला उठली. मीही निघालो. उंबऱ्याबाहेर पाय टाकला तेव्हा माया हळू आवाजात त्याला सांगत होती.

"मला बी भ्या वाटलं. पडले तवा न्हाई. तुमची गाडी लांब जाताना बगितली तवा."